जपानी मासिकाचे पान आणि जपानी मासिकाचा अंक

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही गेली चार वर्षे पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची मांडणी करता. जपानी मासिकांची पाने तुम्हाला मनापासून आवडतात, त्यांची दोन-तीनशे छायाचित्रे तुम्ही फोनमध्ये जमवली आहेत, पण ती समोर ठेवून काम करायला बसले की हाती नक्कलच येते. जपानी वाचता येत नाही म्हणून असे होते का, नेमकी कोणती मासिके पाहावीत, आणि नवे अंक घ्यावेत की जुने, असे तुम्ही विचारले आहे. मी हेच काम सत्तावीस वर्षे करतो आहे आणि त्यातली निदान वीस वर्षे जपानी मासिके माझ्या टेबलावर आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

तुमची अडचण भाषेपेक्षा सुट्या पानांमुळे होते आहे, असे मला वाटते. छायाचित्रात पान येते, पण ते पान तसे का झाले हे त्यात येत नाही. आधीच्या सहा पानांवर काय होते, कागद कुठे बदलला, चित्र लहान का ठेवले, मजकूर चारच ओळींचा का, याची कारणे अंकभर पसरलेली असतात. ती कारणे हाती नसताना पान उचलले, की पांढरी जागा, बारीक अक्षर आणि कोपऱ्यातला आकडा एवढेच आपल्याकडे येते आणि मराठी मजकुराशेजारी ते परके दिसते. म्हणून माझा आग्रह असा आहे की, पाच मासिकांची शंभर पाने पाहण्यापेक्षा एका मासिकाचा एक अंक महिनाभर जवळ ठेवावा.

अंक कशाभोवती बांधला जातो, ते आधी पाहू. एका विषयाला वाहिलेल्या मुख्य विभागाला जपानीत ‘तोकुशू’ म्हणतात. विशेषांक आपल्यालाही परिचित आहे, पण आपल्याकडे तो बहुधा वर्षातून एकदोनदा निघतो. १९८० साली सुरू झालेले ‘ब्रूटस’ महिन्यातून दोनदा निघते आणि जवळजवळ प्रत्येक वेळी ते एकच विषय घेऊन बसते. भात, कॉफी, मांजरे, पुस्तकांची दुकाने, एखादे शहर. विषय साधा असतो. त्याला किती बाजूंनी प्रश्न विचारता येतात, यात संपादकाची सारी हुशारी असते. भातावरच्या अंकात शेतकरी असतो, भांडे असते, पाणी असते, वाटी असते, उरलेला भातही असतो. पानाचे रूप या प्रश्नांमधून येते, आणि प्रश्न बदलला की मांडणी बदलते.

हे एका जोडपानावर दाखवतो. माझ्याजवळ ओनिगिरीवरचा, म्हणजे समुद्रशेवाळाच्या पट्टीत गुंडाळलेल्या भाताच्या मुटक्यांवरचा, एक जुना विशेषांक आहे. त्यातल्या एका जोडपानावर चोवीस मुटके आहेत. सगळ्यांचे छायाचित्र बरोबर वरून, एकाच उंचीवरून घेतलेले, सगळ्यांची सावली उजवीकडे पडलेली, पार्श्वभूमी एकच आणि प्रत्येकाखाली क्रमांक व चार ओळींची नोंद. मी पट्टी लावून मोजले, तेव्हा दोन मुटक्यांमधले आडवे अंतर सगळीकडे नऊ मिलिमीटर भरले. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला फक्त टापटीप दिसली होती. पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की, उंची, प्रकाश आणि अंतर या तिन्ही गोष्टी बांधून ठेवल्यामुळेच मुटक्यांतले फरक बोलू लागतात. एकाचे कोपरे गोल, एकाचे टोकदार. एकात दाण्यांमध्ये फट दिसते, म्हणजे तो हलक्या हाताने दाबलेला. सतराव्या क्रमांकाची शेवाळपट्टी शेजारी वेगळी ठेवलेली, कारण ते दुकान ती मऊ पडू नये म्हणून वेगळीच देते. नोंद वाचता आली नाही तरी एवढे सारे नुसत्या चित्रावरून कळते.

त्यानंतर काही वर्षांनी भाकरीवरच्या एका छोट्या पुस्तिकेचे काम माझ्याकडे आले. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ, मिळून सोळा भाकऱ्या. मी अर्थातच त्या जोडपानासारखी वरून छायाचित्रे घ्यायला लावली आणि सगळ्या भाकऱ्या सारख्याच दिसू लागल्या. रंग तेवढा वेगळा, बाकी सोळा गोल तबकड्या. दोन दिवस अडल्यावर ज्या बाई भाकऱ्या करत होत्या त्यांनाच विचारले की, न खाता भाकरीची पारख तुम्ही कशी करता? त्यांनी एक भाकरी उचलली, कडेला मोडली आणि पापुद्रा किती सुटला आहे ते दाखवले. मग आम्ही सोळाही भाकऱ्या त्याच जागी मोडल्या आणि कॅमेरा खाली, मोडलेल्या कडेच्या पातळीवर आणला. बाजरीची कड जाड आणि खरबरीत दिसली, तांदळाची पातळ आणि दुपदरी, नाचणीची मोडतानाच भुगा सांडलेली. ते पान त्या जपानी पानासारखे मुळीच दिसत नाही, तरी मी त्या पानाचा पूर्णपणे ऋणी आहे. वस्तूतला नेमका फरक कुठे आहे ते शोधायचे आणि बाकीचे सगळे स्थिर ठेवायचे, ही रीत मी तिथून घेतली. फरक कुठे आहे, हे मात्र भाकरीलाच विचारावे लागले.

या मासिकांनीही प्रेरणा अशीच घेतलेली आहे. अमेरिकेत १९६८ साली ‘होल अर्थ कॅटलॉग’ निघाला. उपयोगाच्या वस्तू आणि पुस्तके यांची ती एक भलीमोठी सूची होती. तिचा प्रभाव मनावर असलेल्या जपानी संपादकांनी १९७५ साली ‘मेड इन यूएसए कॅटलॉग’ काढला, त्यात अमेरिकी कपडे, बूट आणि अवजारे किमतींसकट मांडली. त्यांपैकी योशिहिसा किनामेरी आणि जिरो इशिकावा यांच्या हातून पुढच्याच वर्षी ‘पपाय’ हे शहरी तरुण मुलांसाठीचे मासिक उभे राहिले आणि त्याचा पहिला अंक कॅलिफोर्नियावर होता. मूळ अमेरिकी सूची स्वावलंबी जगण्याची साधने देत होती. तोक्योच्या मुलांसाठी तिच्यातून वेगळेच काही तयार झाले. बुटाच्या तळव्याची शिवण किंवा कापडाची वीण इतक्या बारकाईने पाहणारी नजर ‘पपाय’ने एका पिढीला दिली. मी ‘पपाय’चे अंक याच कारणासाठी सुचवतो. त्यांतले कपडे पाहू नका. एखाद्या वस्तूची किती माहिती चित्राला दिली आहे आणि किती नोंदीला, ही वाटणी पाहा.

‘पपाय’, ‘ब्रूटस’ आणि तरुण मुलींसाठीचे ‘ऑलिव्ह’ या तिघांची शीर्षाक्षरे सेईची होरिउची यांची. १९३२ साली जन्मलेले हे चित्रकार चौदाव्या वर्षी तोक्योतल्या एका मोठ्या दुकानाच्या जाहिरात विभागात कामाला लागले. पुढे त्यांनी मुलांची चित्रपुस्तके केली आणि १९७० साली निघालेल्या ‘आन-आन’ या स्त्रियांच्या मासिकाचे कलादिग्दर्शनही केले. मासिक आणि बालपुस्तक ही दोन्ही कामे एकाच हाताची होती, हे ठाऊक असले की त्या अक्षरांतला मोकळेपणा कुठून आला ते समजते.

तरीही एकच मासिक निवडायचे असेल, तर मी ‘कुराशी नो तेचो’ निवडीन. नावाचा अर्थ साधारणपणे ‘रोजच्या जगण्याची टिपणवही’. यासुजी हानामोरी आणि शिझुको ओहाशी यांनी ते १९४८ साली, युद्धाने बेचिराख झालेल्या तोक्योत सुरू केले. हानामोरी यांनी युद्धकाळात सरकारी प्रचाराचे काम केले होते. युद्धानंतर मात्र त्यांनी सामान्य माणसाचे घर, स्वयंपाक आणि कपडे यांनाच आपल्या कामाचा विषय केले आणि मासिकात बाहेरच्या जाहिराती घेतल्या नाहीत. १९५४ पासून त्यांनी बाजारातल्या वस्तूंची परीक्षा सुरू केली, तीही मोज्यांपासून. बाबागाड्यांची परीक्षा करायची तर त्या प्रत्यक्ष रस्त्यावर १०० किलोमीटर ढकलून नेल्या. पाव भाजण्याच्या यंत्रांच्या परीक्षेत पावाचे ४३,०८८ काप भाजले.

या आकड्याकडे मांडणीकाराच्या नजरेने पाहावे, अशी माझी विनंती आहे. एवढे काप भाजल्यावर पानावर काय ठेवायचे, हा प्रश्नच बदलतो. सजावटीची गरज उरत नाही, कारण दाखवण्यासारखे प्रत्यक्ष काही हातात असते. आपण पानावर रंगीत पट्टे, चौकटी आणि वेलबुट्टी घालतो तेव्हा बहुधा मजकुराच्या मागे पुरेसे काम झालेले नसते आणि ती उणीव आपण मांडणीने झाकत असतो. माझ्या स्वतःच्या जुन्या कामात मला हे स्पष्ट दिसते. हानामोरी संपादक होते आणि चित्रकारही. १९७८ साली निधन होईपर्यंत मुखपृष्ठे ते स्वतः करत. सुरुवातीच्या मुखपृष्ठांवर कपाटे, भांडी, दिवे अशा घरातल्याच वस्तू आहेत आणि त्या ज्या मायेने रंगवल्या आहेत, तीच माया आतल्या परीक्षांमध्ये आहे. या मासिकाचे शंभर अंक झाले की एक ‘शतक’ पूर्ण झाले असे धरतात आणि पुढचे अंक पुन्हा एकपासून मोजतात.

रस्त्यावरच्या पोशाखांसाठी शोइची आओकी यांचे ‘फ्रूट्स’ (१९९७ ते २०१७) पाहा. एका पानावर तोक्योच्या हाराजुकू भागातली एक व्यक्ती, पायांपासून डोक्यापर्यंत, आणि सोबत छोटीशी माहिती. ओनिगिरीच्या पानाचीच ती रीत आहे. या सगळ्या शिस्तीच्या नेमके विरुद्ध टोक पाहायचे असेल तर ‘प्रोव्होक’ हे छायाचित्रांचे नियतकालिक आहे. १९६८ आणि १९६९ मध्ये त्याचे जेमतेम तीन अंक निघाले. त्यांतली छायाचित्रे दाणेदार, हललेली आणि अंधुक आहेत आणि त्या तीन अंकांचा प्रभाव आजही ओसरलेला नाही. पण तिथेही जवळून पाहिले तर काळा रंग पानाच्या कडेपर्यंत नेण्याचा निर्णय किती ठाम आहे ते कळते.

एक थोडे बाजूचे, पण महाराष्ट्राशी जोडलेले सांगतो. कलाअभ्यासक तेन्शिन ओकाकुरा ज्याच्या संस्थापकांपैकी एक होते, ते ‘कोक्का’ हे कलाविषयक नियतकालिक १८८९ पासून निघते. जुन्या चित्रांच्या प्रतिकृती रंगीत काष्ठठशांनी इतक्या काटेकोर छापायच्या की मूळ चित्राचा अभ्यास त्यांवरून व्हावा, अशी त्याची परंपरा. याच ‘कोक्का’च्या संस्थेच्या पुढाकाराने चित्रकार आराई काम्पो आणि त्यांचे सहकारी १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्याला आले आणि त्यांनी भित्तिचित्रांच्या हाताने प्रती केल्या. त्या प्रती तोक्योच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या आणि १९२३ च्या भूकंपात नष्ट झाल्या. जपानी नियतकालिकाच्या जगातील माणसे आपल्या लेण्यांत कंदिलाच्या उजेडात रेषा गिरवत बसली होती, हे आठवले की मला अजूनही भरून येते. शिकण्यासाठी केलेली प्रत आणि खपवण्यासाठी केलेली नक्कल यांतला फरक मला त्यांच्यामुळे कळला, म्हणून तुम्हीही एखादे पान शिकण्यासाठी जसेच्या तसे काढायला संकोच करू नका. फक्त ते वहीत राहू द्या.

आता अक्षरांविषयी, कारण नक्कल सर्वांत आधी इथे फसते. जपानी अक्षर, मग ते चित्रलिपीतले असो वा वर्णमालेतले, साधारणपणे एकाच मापाच्या चौरसात बसते. त्यामुळे ओळ अक्षरे मोजून ठरवता येते: अमुक अक्षरांची एक ओळ, अशा इतक्या ओळी. अनेकदा मांडणी आधी होते आणि लेखक त्या मापात मजकूर लिहून देतो. या पद्धतीला ‘साकिवारी’ म्हणतात. जपानी नोंदी इतक्या चपखल का बसतात, त्याचे हे कारण आहे. देवनागरीत ‘र’ आणि ‘क्ष’ यांच्या रुंदीत पुष्कळ फरक आहे, वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार आहेत. जपानी नोंदीइतक्या जवळ ओळी आणल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आपटतो. त्याचप्रमाणे जपानी पानावर मजकूर उभा आणि नोंदी आडव्या, अशा दोन दिशा एकत्र नांदतात आणि पानाचा बराचसा ताण त्यातून येतो. देवनागरी अक्षरे एकाखाली एक रचली की शिरोरेषा तुटते आणि शब्दच मोडतो. म्हणून उभा मजकूर सोडून द्या आणि साकिवारी घ्या. लेखकाला आधी जागा दाखवून ‘इथे बावीस शब्द हवेत’ असे सांगून पाहा. माझ्या अनुभवात लेखक सुरुवातीला नाखूश असतात आणि दुसऱ्या अंकापासून स्वतःच विचारतात की, या वेळी किती शब्द?

अंक उलगडण्याची रीत अशी. जपानी संपादन विभागात ‘दाइवारी’ नावाचा तक्ता असतो, त्यात अंकाचे प्रत्येक पान कुणाला आणि कशाला दिले आहे ते लिहिलेले असते. यातला ‘दाइ’ म्हणजे आपला छापखान्यातला फर्मा, एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच. अंक मिटून हातात धरा आणि त्याची मोकळी कड उजेडात पाहा. कागद बदलला असेल तिथे रंगाची बारीक रेघ दिसेल. तिथून पाने मोजा, ती बहुधा आठ किंवा सोळाच्या पटीत येतील, आणि खडबडीत कागदाचा तो विभाग नेमका तिथेच का सुरू होतो ते कळेल. मग फुलस्केप कागदावर प्रत्येक जोडपानासाठी एक चौकट आखून तो तक्ता उलट्या दिशेने स्वतः तयार करा. चौकटीत चित्र काढू नका, चारच गोष्टी लिहा: किती छायाचित्रे, सर्वांत मोठे सर्वांत लहानाच्या किती पट, मजकूर अदमासे किती, आणि पानावर माणूस आहे, वस्तू आहे की जागा. एकशे अठ्ठावीस पानांच्या अंकाला मला तीन संध्याकाळी लागतात. तक्ता पुरा झाला की श्वास दिसू लागतो: गच्च भरलेल्या आठ पानांनंतर एकच छायाचित्र पानभर का आले, आणि मोठी मुलाखत कुठल्या फर्म्याच्या आरंभी बसवली.

भाषेचे म्हणाल, तर आधी न वाचता तक्ता करा आणि नंतर वाचा. फोनवरचे भाषांतर नोंदींसाठी पुरते, मथळ्यांसाठी मुळीच पुरत नाही, कारण मथळ्यात श्लेष असतात. पुण्यात जपानी शिकणारी मुले-मुली पुष्कळ आहेत. एखाद्या विद्यार्थ्याला मानधन देऊन तासभर शेजारी बसवा आणि फक्त मथळे व अनुक्रमणिका समजावून घ्या. अनुक्रमणिका वाचून मिळालेले विषय कैकदा चित्रांपेक्षा अधिक उपयोगी पडले आहेत.

जुने की नवे, तर जुने. जपानी मासिकांची विक्री १९९७ मध्ये शिखरावर होती आणि नंतर सतत घटत गेली. सत्तर ते नव्वदच्या दशकांतल्या अंकांमध्ये माणसे, पाने आणि वेळ यांची जी सढळता दिसते, ती आता क्वचितच परवडते. तोक्योला कधी गेलात तर जिम्बोचोच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात एक दिवस काढा आणि शक्य झाल्यास ओया सोइची बुंको हे मासिकांचे ग्रंथालय पाहा. १९७१ साली सुरू झालेल्या या ग्रंथालयात सुमारे आठ लाख अंक आहेत. इथूनच मागवायचे असेल तर विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: आतली पाने कापलेली तर नाहीत ना, आणि जाहिराती शाबूत आहेत ना. ‘कुराशी नो तेचो’त जाहिरातींचा प्रश्न येत नाही, पण बाकीच्यांत जाहिरातींशिवाय दाइवारीचा हिशेब लागणार नाही. पहिल्या अंकाचा तक्ता झाला की ज्या जोडपानाचे कारण सापडले नाही, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या चार पानांसह मला पाठवा. आपण मिळून पाहू.